बधिर बोटांचे टाके

माझ्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट रोलरमध्ये सापडलं तेव्हा मी बोईसरच्या एका कापड प्रोसेसिंगच्या कंपनीत मशीनवर होतो. ओलं कापड दोन रोलरांमधून दाबलं जाऊन पुढे सरकतं. त्या दिवशी कापडाला चुणी पडली आणि मी ती सारखी करायला हात घातला. सगळेच घालतात. मशीन थांबवली की मागचं सगळं काम अडतं आणि सुपरवायझर ओरडतो. कापडाबरोबर हातही आत ओढला गेला. शेजारच्या मशीनवरच्या माणसाने पळत येऊन लाल बटण दाबलं, म्हणून मनगटापर्यंत गेलं नाही.

ऑपरेशन झालं, बोटं वाचली. पण ती वाकत नव्हती, आणि टोकांना काही कळत नव्हतं. चहाच्या गरम कपाला बोट टेकलं तर चटका लागायचा नाही. नंतर फोड दिसायचा तेव्हा समजायचं. पालघरला व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मला रबरी चेंडू दिला आणि वर सांगितलं, "चेंडू दाबून तुम्ही कंटाळाल. काहीतरी बारीक काम शोधा. डाळ निवडा, मणी ओवा, शिवण करा. आता हलवली नाहीत तर ही दोन बोटं अशीच ताठ राहतील."

कंपनीने सांगितलं होतं की रजा संपली की कंपनीचे डॉक्टर हात तपासतील. हात चालला तर मशीनवर घेऊ. नाही चालला तर बघू. हे 'बघू' मला माहीत होतं. आमच्याच खात्यातल्या एकाला असंच 'बघू' म्हणून आधी गेटवर बसवलं होतं, आणि काही महिन्यांनी तो गेटवरही दिसेनासा झाला.

बायको एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. सकाळी कंपनीची बस तिला घेऊन गेली की घरात मी आणि तो चेंडू. आमची बिल्डिंग बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. दुपारी रस्त्याचा आवाज कमी झाला की गच्चीवरून बायकांचं बोलणं ऐकू यायचं. एकदा कपडे वाळत घालायला वर गेलो आणि पाहिलं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत एक मोठी गोधडी अंथरलेली, चारही कोपऱ्यांवर विटा, आणि तीन बायका तीन बाजूंना बसून शिवताहेत.

सगळ्यात मोठ्या होत्या त्या बार्शीकडच्या काकू. त्यांचे यजमान वीज केंद्रातून निवृत्त झालेले. दुसरी शिरगावची, खाडीलगतच्या वाडीतून लग्न होऊन इथे आलेली. तिला सगळे ताई म्हणायचे. तिसरी दुसऱ्या मजल्यावरची वहिनी. वहिनींचा नवरा दुसऱ्या एका कारखान्यात, माझ्यासारखाच रोलरच्या मशीनवर. आमची ओळख जिन्यात मान हलवण्यापुरती.

मला बघून त्या गप्प झाल्या. मी डाव्या हाताने एकेक कपडा दोरीवर टाकत होतो आणि तो घसरत होता. बादली रिकामी झाली तरी मी खाली गेलो नाही. शेवटी धीर करून विचारलं, "मला शिकवाल का हे?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. काकू हसल्या नाहीत.

"कशापायी?"

मी हात पुढे केला. काकूंनी चष्मा वर करून बोटं नीट बघितली, टाक्यांचे व्रण बघितले.

"सुई टोचली तर कळंल का?"

"नाही कळणार."

"मग अवघड हाय," त्या म्हणाल्या. "टोचल्यालं कळतं म्हणून तर माणूस नीट शिवतं." मग एक वीट पायाने सरकवली. "बस तिकडं. टाकीच्या बाजूला."

ती बाजू मुद्दामच दिली होती. तिथे बसलं की कुणाच्या साडीला माझा गुडघा लागत नव्हता. मलाही तेच बरं वाटलं.

आमच्या जतकडे गोधडीला वाकळ म्हणतात. लहानपणापासून पांघरलेली, पण ती कशी होते हे मी कधी बघितलं नव्हतं. खाली एक जुनी साडी, मध्ये फाटक्या चादरी, सदरे, मऊ झालेलं काहीही, वर दुसरी साडी. आधी मोठे कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरून ठेवायचे. मग कडेपासून धावदोरा. सुई खाली घालायची, वर काढायची, पुन्हा खाली. सांगायला एवढंच. पण माझ्या बोटांत सुई आहे की पडली हे मला बघितल्याशिवाय कळत नव्हतं. पहिल्या दुपारी ती इतक्यांदा पडली की ताई म्हणाली, "दादा, सुईला लांब दोरा ठेवा. पडली तरी दोरा धरून वर काढता येईल."

काकूंचा एक शब्द मला अजून कानात ऐकू येतो. "उसव." टाका मोठा झाला, उसव. तिरका गेला, उसव. खालच्या साडीपर्यंत पोचला नाही, उसव.

"राहू द्या ना, काकू," ताई म्हणायची. "आतल्या बाजूला हाय तो. कोणाला दिसनार नाय."

"आत असला तरी टाकाच हाय न्हवं? आधी तोच उसवंल."

माझ्यावरून त्या दोघींचं खरंच वाजलं. ताईने माहेरी जाळी दुरुस्त केलेली, तिचा हात वेगळाच चालायचा. तिने मला अंगठा आणि अनामिकेत सुई धरायला शिकवलं. "जी बोटा चालतात त्यांना काम द्या. त्या दोघांना नुसता बरोबर येऊ द्या." त्या दिवशी मी पहिल्यांदा एक अख्खी ओळ घातली. फार आनंद झाला. काकूंनी ओळ बघितली आणि दोरा ओढून काढून टाकला.

"काकू!" ताई चिडली. "इतकी चांगली ओळ होती!"

"ओळ चांगली हाय. पण ती दोन बोटं जन्माची आळशी हुतील. ह्याला गोधडी नगं, बोटं पायजेत."

मला त्या क्षणी काकूंचा राग आला. खाली येऊन मी दार जोरात लावलं. पण दुसऱ्या दिवशी वर गेलो आणि सुई त्याच दोन बोटांत धरली. हळूहळू मधलं बोट वाकायला लागलं. तर्जनी मात्र एखाद्या पेन्सिलीसारखी सरळच राहायची.

हे असं चाललेलं असताना वहिनी गावाहून एक गाठोडं घेऊन आल्या. त्यांची आई वारली होती. तिची दोन सुती लुगडी त्यात होती, धुऊन धुऊन मलमलीसारखी झालेली. एक खाली, एक वर, अशी गोधडी त्यांना वडिलांसाठी करायची होती. काकूंनी ती गच्चीवर अंथरली तेव्हा वहिनी कठड्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी सुई डबीत ठेवून दिली. ह्याला आपण हात लावू नये असं वाटलं.

वहिनीच म्हणाल्या, "दादा, बसा ना. ती बाजू रिकामी आहे."

मी बसलो. श्वास धरून शिवत होतो म्हटलं तरी चालेल. एकेक टाका डोळ्यांनी बघून. टाका सरळ येतोय एवढंच बघत होतो, बोटाकडे लक्ष नव्हतं. बराच वेळ गेला असेल.

"दादा, थांबा," ताई एकदम म्हणाली. "हात उचला. उचला आधी!"

लुगड्याचा काठ पांढरट होता. त्यावर रक्ताचे ठिपके पडले होते. एक, मग थोड्या अंतराने दुसरा, मग तिसरा, माझ्या ओळीबरोबर चालत आलेले. सुई तर्जनीत घुसली होती, पुन्हापुन्हा घुसली होती, आणि मला पत्ता नव्हता.

मी वहिनींकडे बघू शकलो नाही. पाण्याची बाटली शोधायला लागलो तर काकूंनी हात धरला.

"पानी नगं, पसरंल. ज्याचं रगत त्याचीच थुंकी लागती. चिंधीवर घे आणि पूस."

मेलेल्या बाईच्या लुगड्याला थुंकी लावायची. माझं तोंड कोरडं पडलं होतं, थुंकी येईना. वहिनी उठून माझ्या बाजूला आल्या, गुडघ्यावर बसल्या आणि काठ दोन्ही हातांनी ताणून धरला.

"पुसा," एवढंच म्हणाल्या.

ठिपके फिके झाले. एक तपकिरी राहिला तो राहिलाच.

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाहीत. संध्याकाळी मी दूध घेऊन येत होतो, तर त्यांचा नवरा जिन्यात उभा होता. वाट बघत असावा.

"तुम्ही बायकांत बसता ते तुमचं तुम्ही बघा," तो म्हणाला. "माझी बायको आता वर येणार नाही."

"भाऊ, ते चुकून..."

"माझ्या सासूचं लुगडं आहे ते. त्याला तुमचं रक्त लागलंय. आणखी काय व्हायचं राहिलंय?"

हे बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. जिन्याच्या कठड्यावर नजर लावून बोलत होता. आवाज मोठा होता, वरच्या-खालच्या मजल्यांवर दारं उघडली. मी दुधाची पिशवी धरून तसाच उभा राहिलो.

गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. बायको बसमधून उतरली तीच गप्प होती. भाकरी करताना तव्याकडे बघत म्हणाली, "बसमध्ये विचारत होत्या, तुझा नवरा बायकांत बसून शिवतो म्हणे."

"मग?"

"हसल्या त्या. हसू देत. पण त्या वहिनींच्या घरात रोज भांडण चाललंय, मोरीपर्यंत ऐकू येतं. अहो, आपल्यामुळे कशाला?" मग ती माझ्याकडे वळली. "काही दिवस नका जाऊ वर."

मी गेलो नाही. घरी चिंध्या घेऊन एकटा शिवायला बसलो, पण दोन-चार टाक्यांनंतर सुई ठेवून द्यायचो. सकाळी उठलं की मधलं बोट पुन्हा ताठ लागायला लागलं. तपासणी जवळ येत होती. झोप नीट लागत नव्हती. जिन्यात पावलं वाजली की मी दाराच्या आत थांबायचो, माणूस जाऊ द्यायचो आणि मग बाहेर पडायचो. आपल्याच बिल्डिंगमध्ये चोरासारखं.

एक दिवस काकू दारात आल्या. गुडघ्यांमुळे त्या जिने टाळायच्या. गच्ची सोडली तर कुठेच जात नसत.

"आला न्हाईस."

"काकू, तुम्हाला माहीत आहे सगळं."

"म्हाईत हाय. तू घरात बसलास तर तो म्हणतो ते खरं हुतं असंच हुईल. तू काय वंगाळ केलंस का?"

"नाही."

"मग चल."

गेलो. वर काकू, ताई आणि मी. वहिनींची गोधडी अर्धी शिवलेली तशीच घडी करून काकूंनी आणली होती, पण आम्ही ती उघडली नाही. ताईने आणलेली दुसरी घेतली. गच्चीच्या लोखंडी दाराशी जरा काही वाजलं की तिघांच्याही सुया थांबायच्या.

अशाच एका दुपारी दार वाजलं आणि वहिनी आत आल्या. केस विस्कटलेले, चेहरा ओढलेला. त्यांनी कुणाला काही न विचारता आईच्या लुगड्याची घडी उलगडली.

"घरी सांगितलंस का?" काकूंनी विचारलं.

"सांगून आलेय. विचारून नाही."

त्यांनी सुई ओवली. आम्ही आपापल्या बाजूला बसलो. नवऱ्याची पहिली पाळी सुटायची वेळ झाली होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ताईने एकदा दाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

तो आला. कंपनीच्या कपड्यांत, पायात सेफ्टी बूट तसेच.

"खाली चल."

वहिनींनी टाका घातला, दोरा ओढला. "एवढी ओळ होऊ द्या."

"चल म्हणतोय ना!" तो वाकला आणि गोधडीची कड पकडली.

"वडू नगंस," काकू म्हणाल्या. "सुया हायत आत. कुणाच्या तरी हातात जातील."

त्याने सोडली नाही. वहिनींनीही दुसरी बाजू सोडली नाही. लुगडं मध्ये ताणलं गेलं आणि कुठेतरी कच्चा दोरा तुटल्याचा आवाज आला. मी उठलो. भांडायला नाही, मला तिथून फक्त निघून जायचं होतं.

"भाऊ, मी जातो खाली. त्यांना बसू द्या," म्हणत मी त्याचा हात कडेवरून सोडवायला गेलो. माझी बोटं त्याच्या मनगटाला लागली मात्र, आणि तो विजेचा धक्का बसल्यासारखा मागे सरकला. कड सुटली.

"तो हात लांब ठेवा!" तो ओरडला. "लांब ठेवा तो!"

त्याच्या आवाजात राग नव्हता. मी ओळखलं, कारण तसा आवाज मी एकदा ऐकला होता, मशीनवर, माझाच.

तो भिंतीला टेकला.

"तसल्याच मशीनवर जातो मी रोज," तो म्हणाला. आता आवाज अगदी खाली आला होता. "जिन्यात हा हात दिसला की दिवसभर माझा हात थरथरतो. रोलरजवळ नेववत नाही. आणि मग ही घरी येऊन सांगते, त्यांना सुई टोचली तरी कळत नाही, रक्त आलं तरी कळत नाही. मी काय करू? काम सोडू?"

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. "हे मला का नाही सांगितलंत?"

मग पहिल्यांदाच त्याने माझ्या हाताकडे सरळ बघितलं.

"आत गेला तेव्हा दुखलं?"

मी खोटं बोलणार नव्हतो. "तेव्हा नाही. नंतर दुखलं. खूप."

"चुणी काढायला घातला होता?"

"हो. तुम्ही घालू नका. मशीन बंद करा. ओरडू देत त्यांना."

"बोलायला सोपं आहे."

"माहीत आहे मला," मी म्हणालो.

तो गेला. बुटांचा आवाज जिन्यावर हळूहळू कमी होत गेला. वहिनींनी ओळ पुरी केली. टाके वेडेवाकडे, काही मोठे, काही चिमुकले. काकूंनी ते बघितले आणि त्या दिवशी कुणालाच उसवायला सांगितलं नाही.

नंतर वहिनी रोज यायला लागल्या. आमची दोस्ती वगैरे झाली नाही. पण एका संध्याकाळी तो जिन्यात थांबला आणि म्हणाला, "आज मशीन बंद केली."

"मग?"

"ओरडले."

"पुढे?"

"पुढे काही नाही. चुणी काढली, चालू केली." आणि तो वर गेला.

तपासणीच्या दिवशी कंपनीच्या डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितलं आणि बोटांना पेनाचं टोक लावलं. मधल्या बोटाला कळलं. तर्जनीला कधी कळलं, कधी मी अंदाजाने बोललो आणि चुकलो. मुठीत दाबायचं यंत्र दिलं. काटा अर्ध्यावर जाऊन थांबला. डॉक्टर लिहीत होते. शेजारी बसलेले साहेब म्हणाले, "मशीनवर नाही जमणार. बघू आपण."

तो शब्द कानावर पडला आणि गेट डोळ्यांसमोर आलं. पण तोंडातून आपोआप निघालं, "साहेब, मला मेंडिंगला घ्या." कापडातल्या गाठी काढायच्या, तुटलेला धागा सुईने भरायचा, हे काम आमच्याकडे त्या खात्यात चालतं.

"ते बारीक काम आहे. ह्या बोटांनी?"

"करून दाखवतो."

त्यांनी खात्यातून एक तुकडा मागवला. धागा तुटून फट पडलेली होती. सुई ओवायलाच मला इतका वेळ लागला की साहेबांनी घड्याळ बघितलं. घाम डोळ्यांत उतरत होता, पुसायला हात मोकळा नव्हता. मी धागा एकाखालून, एकावरून नेत राहिलो. सुई एकदा घसरली आणि तर्जनीत टोचली. मला ते कळलं. अगदी पुसट, जाड कापडाआडून कुणी बोट लावावं तसं, पण कळलं. मी हात लगेच मागे घेतला. तुकड्यावर डाग पडला नाही.

साहेबांनी तुकडा उजेडाकडे धरून बघितला. "तात्पुरतं घेतो," म्हणाले. "हात मंद आहे तुमचा."

तात्पुरतं म्हणून घेतलं ते अजून तात्पुरतंच आहे. त्याची धास्ती जात नाही. पण काम चालू आहे, आणि हातही पहिल्याइतका मंद राहिलेला नाही.

वहिनींनी ती गोधडी थंडीच्या आधी गावी नेऊन वडिलांना दिली. त्यांनी ती हाताने चाचपली, काठ ओळखला आणि अंगावर घ्यायच्या ऐवजी उशाला ठेवली, असं त्या सांगत होत्या. त्यावरून गच्चीवर वाद झाला. काकूंचं म्हणणं, पांघरली पाहिजे, नुसती उशाला ठेवायला शिवली नाही. ताई म्हणाली, त्यांची मर्जी.

आता मला गच्चीवर फक्त सुट्टीच्या दिवशी जाता येतं. मागच्या सुट्टीला बायकोलाही सुट्टी होती. ती चहाची किटली घेऊन वर आली, सगळ्यांना कप दिले आणि माझ्या शेजारी बसली. काकूंनी तिच्यापुढे सुई धरली.

"मी नुसती बघायला आलेय," ती म्हणाली.

"बघ की," म्हणून काकूंनी सुई तिच्या गुडघ्यापाशी गोधडीत खोचून ठेवली आणि आपलं काम चालू केलं. बायको ऊन उतरेपर्यंत बसली होती. मध्येच माझ्या ओळीकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, "हा टाका तिरका गेलाय बघा." मी बघितलं. खरंच गेला होता.